पाच नंबरचा कोअर

कॉम्प्युटर बिघडला की तो बंद पडतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत. स्क्रीन निळी होते, पंखा बोंबलायला लागतो, नाहीतर बटण दाबूनही ढिम्म काही होत नाही. असल्या बिघाडांचं मला फारसं वाटत नाही. बंद पडलेलं यंत्र निदान कबूल तरी करतं. मला घोर लावला तो निराळ्याच प्रकाराने. नवाकोरा कॉम्प्युटर, विंडोज झटकन उघडतेय, ऑटोकॅडची जड ड्रॉइंग न अडखळता फिरतायत, भाचा त्यावर गेम खेळून खूष, आणि हेच यंत्र अधूनमधून गणित चुकवतंय. चुकतंय आणि सांगत नाही.

मी साताऱ्यात आरसीसी डिझाईनची कामं करतो. इमारतीचा सांगाडा कॉम्प्युटरवर उभा करायचा, त्यावर माणसांची, भिंतींची, पाण्याच्या टाकीची वजनं टाकायची, वारा आणि भूकंप लावायचा आणि कुठल्या बीमला किती सळई ते काढायचं. भूकंप हा आमच्या जिल्ह्यात नुसता कोडबुकातला विषय नाही. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट पाहिलेली माणसं अजून आहेत, आणि स्लॅबची चर्चा चालू असताना त्यांतलं कुणीतरी हटकून तो विषय काढतं. सांगायचा मुद्दा असा, की माझ्या टेबलावरच्या यंत्राने केलेल्या बेरजेखाली शेवटी सही माझी असते.

मोठ्या मॉडेलना जुन्या मशीनवर फार वेळ लागायचा. भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला. तो म्हणाला, “मामा, ब्रँडेड घेऊ नकोस. तेवढ्याच पैशात दुप्पट मशीन मी तुला असेंबल करून देतो.” मग काही माल ऑनलाइन, काही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, असं करत डबे गोळा झाले. प्रोसेसर कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही. लिहिलं की विषय बाजूला राहतो आणि दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते हजर होतात.

जोडणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एक क्षण मात्र लक्षात राहिला. प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवला की वरची चौकट मिटून बाजूची दांडी दाबून अडकवायची असते. ती दाबताना करकर असा आवाज होतो, आणि हजारो रुपये आपल्या अंगठ्याखाली चिरडले जातायत असं वाटतं. भाचा शांतपणे म्हणाला, “तो आवाज येतोच.” त्याचा हात स्थिर होता हे मान्य करायला हवं.

मशीन पहिल्या फटक्यात सुरू झालं. मी लगेच सॉफ्टवेअर टाकायला बसणार, तर भाच्याने अडवलं. “टेस्ट केल्याशिवाय काम नाही.” त्याने प्राइम ९५ नावाचा प्रोग्राम लावला आणि रात्रभर चालू ठेवून आम्ही झोपलो. सकाळी पाहिलं तर पडद्यावरच्या बाकी खिडक्यांमध्ये आकडे सरकत होते आणि एक खिडकी थांबली होती. तिच्यात इंग्रजीत एक ओळ होती, तिचा अर्थ असा: ‘गंभीर चूक. राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होतं.’ खाली: ‘हार्डवेअरमध्ये बिघाड आढळला.’

भाच्याचा चेहरा उतरला. मला मात्र त्या आकड्यांचं कुतूहल वाटलं. ०.५ आणि ०.४ कशाचे?

प्राइम ९५ हे मुळात कॉम्प्युटर तपासायचं सॉफ्टवेअरच नव्हे. १९९६ साली जॉर्ज वोल्टमन या प्रोग्रामरने मूळ संख्या शोधण्याचा एक सार्वजनिक प्रकल्प सुरू केला. जगभरच्या लोकांनी आपल्या घरच्या कॉम्प्युटरचा फावला वेळ त्याला द्यायचा आणि सगळ्यांनी मिळून मर्सेन प्रकारच्या मूळ संख्या हुडकायच्या. मर्सेन संख्या म्हणजे दोनाचा कुठला तरी घात वजा एक. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट या माणसाला याच प्रकल्पात सापडलेली संख्या दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात वजा एक अशी आहे. लिहायला घेतली तर ४ कोटींहून जास्त अंक होतात. असल्या संख्येची तपासणी करताना कोट्यवधी पायऱ्यांची एक साखळी चालते आणि तिच्यात एक पायरी चुकली तरी पुढचं सगळं वाया जातं. म्हणून वोल्टमनने प्रोग्राममध्ये जागोजागी स्वतःला तपासायची सोय केली. लोकांच्या ध्यानात आलं की संख्या सापडो न सापडो, आपलं मशीन खोटं बोलतंय का हे कळायला याच्यासारखं साधन नाही.

साखळी कशी असते ते एका छोट्या संख्येवर कागदावर करून पाहता येतं. मी केलं. १२७ घ्या, दोनाचा सातवा घात वजा एक. चारापासून सुरू करायचं. वर्ग करा, त्यातून दोन वजा करा, १२७ ने भागून बाकी ठेवा, आणि त्या बाकीला परत तेच. चाराचे होतात १४. चौदाचा वर्ग १९६, वजा दोन १९४, बाकी ६७. सदुसष्टाचे ४२. बेचाळीसचे १११. आणि एकशे अकराचा वर्ग १२,३२१, वजा दोन १२,३१९, म्हणजे बरोबर १२७ गुणिले ९७, बाकी शून्य. शेवटी शून्य आला म्हणजे १२७ ही मूळ संख्या. हीच कल्पना वापरून एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये हाताने दोनाचा १२७ वा घात वजा एक, ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं दाखवलं होतं. पुढे लेमर या अमेरिकी गणितज्ञाने ती १९३० मध्ये नीट घासूनपुसून आजच्या रूपात आणली.

आता मधेच एक चूक करून बघा. ६७ च्या जागी ६६ धरा. पुढे ३६ येतात, मग २४, आणि शेवटी ६६. शून्याचा मागमूस नाही. आणि त्या ६६ कडे पाहून कुणालाही कळणार नाही की चूक कुठे झाली, किंवा झाली तरी का. ते एक साधं सभ्य उत्तर आहे. फक्त चुकीचं आहे.

आता ते ०.५. कोट्यवधी अंकांच्या संख्येचा वर्ग शाळेतल्या पद्धतीने करायचा तर जन्म जाईल. म्हणून तिचे तुकडे करून, फूरिए रूपांतर नावाच्या गणिती युक्तीने, दशांश अपूर्णांकांत हिशोब करतात आणि परत पूर्णांकांत येतात. खरं उत्तर पूर्णांकच असायला हवं, पण दशांशांच्या कातरकामामुळे ४१२७ च्या जागी ४१२७.०२ किंवा ४१२६.९८ असं काहीतरी येतं. जवळचा पूर्णांक धरला की झालं. आता उत्तर ४१२७.५ आलं तर? ४१२७ धरायचे की ४१२८? कुठल्याही संख्येचं जवळच्या पूर्णांकापासूनचं अंतर ०.५ पेक्षा जास्त असूच शकत नाही. म्हणजे माझ्या मशीनने जास्तीत जास्त जेवढं चुकता येतं तेवढं चुकून दाखवलं होतं. प्रोग्राम ०.४ च्या पुढे गेलेल्या उत्तरावर विश्वास ठेवत नाही आणि तिथेच काम थांबवतो. माझ्या रोजच्या सॉफ्टवेअरपैकी किती जण असं थांबतात, हा विचार त्या सकाळी पहिल्यांदा आला.

मग शोध सुरू झाला. आपल्याकडे कॉम्प्युटरचं काहीही दुखलं की दोन निदानं तयार असतात: गरम होत असेल, नाहीतर लाईटचा प्रॉब्लेम असेल. शेजारच्या झेरॉक्सवाल्यापासून आमच्या ओळखीच्या हार्डवेअरवाल्यापर्यंत सगळ्यांनी हीच दोन सांगितली. उष्णतेचं निदान तर इतकं लोकप्रिय आहे की ते ऐकताना माणसं मान डोलवतात. उन्हाळा होता, खोली तापलेली होती, तेव्हा तेही तपासलं. पण आजचा प्रोसेसर तापला तर स्वतःच वेग कमी करतो; शंभर अंशांच्या आसपासची मर्यादा त्याच्यात बसवलेलीच असते. तापून संथ होणं वेगळं आणि चुकणं वेगळं. आमचा तर मर्यादेच्या बराच खाली असताना चुकत होता. तरी प्रोसेसरला थंड ठेवणारा हीटसिंक काढून खालची पेस्ट पाहिली. सारखी पसरलेली होती.

लाईटच्या बाबतीत एक गोष्ट मात्र खरी निघाली. कॅबिनेटच्या पत्र्याला बोटाची मागची बाजू लावली की बारीक झिणझिण्या येत. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, त्याच्या आत लाईनमधला कचरा गाळायला बसवलेले बारके कपॅसिटर असतात, ते थोडासा प्रवाह अर्थिंगकडे सोडतात. अर्थिंगच नसेल तर तो पत्र्यावर येऊन बसतो. ऑफिसच्या त्या भिंतीतला तिसरा पिन नुसता शोभेचा होता. इलेक्ट्रिशियनला बोलावून वायर ओढून घेतली, झिणझिण्या गेल्या, टेस्ट मात्र पूर्वीसारखीच नापास.

मग रॅम. रॅमच्या डब्यावर ६००० वगैरे जो वेग छापलेला असतो, तो रॅम बनवणाऱ्याचा दावा. प्रोसेसर बनवणारा त्याहून कमीचीच हमी देतो. उदाहरणार्थ एएमडीने रायझेन ७००० मालिकेसाठी दोन पट्ट्या लावल्या तर ५२०० आणि चार लावल्या तर ३६०० एवढंच अधिकृतपणे सांगितलंय. लोक चार पट्ट्या बसवतात, बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, एक बटण दाबून ६००० चं प्रोफाइल लावतात आणि कॉम्प्युटर सुरू झाला की झालं म्हणतात. आमच्या दोनच पट्ट्या होत्या. तरीही प्रोफाइल काढून रॅम तिच्या साध्या वेगावर आणली, पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट लावून रात्रभर घासली. एकही चूक नाही. रॅम सुटली.

पुढचा संशयित मदरबोर्ड. हे प्रकरण मला नंतर जास्त बोचलं. बायोसमध्ये प्रत्येक ओळीसमोर ‘ऑटो’ लिहिलेलं असतं. साधा माणूस समजतो, ऑटो म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेलं. तसं असेलच असं नाही. कित्येक बोर्डांवर ऑटो म्हणजे बोर्ड बनवणाऱ्याने ठरवलेलं, आणि त्याला आपला बोर्ड तुलनेच्या तक्त्यांत दोन टक्के वर दिसायला हवा असतो. म्हणून विजेची मर्यादा मूळ आकड्याच्या कितीतरी वर नेऊन ठेवलेली असते. प्रोसेसर बनवणाऱ्याच्या कागदावरचे आकडे शोधून ते एकेक करून हाताने भरले. बायोस अपडेट केलं. भाचा एका वेळी चार गोष्टी बदलायला बघायचा. त्याला मी वही दिली आणि एका वेळी एकच बदल, प्रत्येक बदलाची नोंद, असा दंडक घातला. साइटवर काँक्रीटच्या क्यूब टेस्टचं रजिस्टर ठेवतात त्यात आणि त्या वहीत काही फरक नव्हता.

सगळं नियमात बसवूनही एक खिडकी थांबायचीच. कधी तासाभराने, कधी पहाटे.

मग भाच्याने एक पोटप्रोग्राम शोधून आणला. तो प्रोसेसरमधले सगळे कोअर, म्हणजे आपापलं गणित करणारे स्वतंत्र भाग, एकदम न राबवता एकेकाला आळीपाळीने जुंपतो. मला वाटलं, सगळ्यांवर भार टाकून तासाने चुकतंय, तर एकट्यावर टाकून काय दिसणार? झालं उलटंच. शून्यापासून चारपर्यंत सगळे पास, सहा-सात पास, आणि पाच नंबरचा कोअर काही मिनिटांत आडवा. परत लावलं, परत पाचच.

याचं कारण समजून घेतलं तेव्हा मला ते फार ओळखीचं वाटलं. सगळे कोअर राबतात तेव्हा विजेच्या आणि उष्णतेच्या मर्यादेमुळे प्रत्येकाचा वेग थोडा खाली येतो. एकटा राबतो तेव्हा तो आपल्या सर्वोच्च वेगावर जातो. पाच गिगाहर्ट्झ धरा. म्हणजे एका ठोक्याला मिळतात २०० पिकोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा फक्त सहा सेंटिमीटर जातो. तेवढ्या अवधीत ट्रान्झिस्टरांच्या एका लांबलचक रांगेतून संकेत पलीकडे पोचला पाहिजे. व्होल्टेज जास्त दिलं तर ट्रान्झिस्टर चपळ होतात, पण तापतात आणि झिजतात. कमी दिलं तर थंड राहतात, पण मंदावतात. कारखान्यात प्रत्येक चिप तपासून कुठल्या वेगाला किती व्होल्टेज हे तिच्यात कोरून ठेवतात. त्यात थोडी शिल्लक धरलेली असते. भाराचा धक्का बसला की व्होल्टेज क्षणभर खचतं, वर्षागणिक सिलिकॉन म्हातारं होतं, त्या सगळ्यासाठी ही शिल्लक. आमच्या पाच नंबरच्या वाट्याला ती आलीच नव्हती. संकेत बहुतेक वेळा पोचत होता. कधीतरी, अगदी कधीतरी, ठोका पडायच्या आत पोचत नव्हता, आणि मग एकाच्या जागी शून्य वाचलं जात होतं.

इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की कॉम्प्युटर म्हणजे शून्य आणि एक, मधे काही नाही. अंदाजपंचे कारभार आमच्या वाळू-सिमेंटात. आणि इथे तर सगळा डोलारा शिलकीवरच उभा. आयएस ४५६, काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक, उघडा. स्वतःचं वजन आणि वापराचा भार यांना दीडने गुणायचं. काँक्रीटची ताकद आधी ०.६७ ने गुणून मग दीडने भागायची, पोलादाची १.१५ ने. २५ चं काँक्रीट असलं तरी हिशोबात आम्ही ११ च्या आसपासच धरतो. हे आकडे कुणी एकट्याने ठरवलेले नाहीत. समितीने ठरवून, छापून, सगळ्यांना बांधून घातलेले आहेत. ठेकेदार कितीही गयावया करू दे, दीडाचा सव्वा होत नाही. प्रोसेसरची शिल्लक मात्र ज्याची त्याने ठरवायची. आणि ती जितकी कमी, तितका डब्यावरचा वेगाचा आकडा मोठा.

भाच्याने पाच नंबरला ५० मिलिव्होल्ट जादा दिले. टेस्ट पास. रात्रभर पास. “झालं की, मामा!” त्याच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. मला ते पटेना. नव्या स्लॅबखाली कायमचा टेकू लावून ताबा द्यावा तसं ते वाटत होतं. आज ५० पुरले, दोन उन्हाळ्यांनी ७० लागतील, आणि ते कधी लागायला लागले हे मला कोण सांगणार? जुनं मशीन असतं तर मीही ५० देऊन गप्प बसलो असतो. नवीन माल पूर्ण पैसे मोजून घेतलेला.

टेस्ट किती वेळ चालवायची, यावरूनही आमची जुंपली. कुणी एक तास पुरे म्हणतं, कुणी २४ तासांशिवाय मानत नाही. आयएस ४५६ मध्ये संशयास्पद स्लॅबसाठी भार चाचणी दिली आहे. पूर्ण स्वतःचं वजन अधिक वापराच्या भाराच्या सव्वापट वजन २४ तास ठेवायचं, मग काढायचं. पुढच्या २४ तासांत स्लॅबचा झोळ निदान ७५ टक्के भरून आला पाहिजे. नाही आला तर ७२ तासांनी पुन्हा, आणि तेव्हा ८० टक्के. मी अशा चाचणीला उभा राहिलेलो आहे. खाली डायल गेज लावलेले, वर वाळूची पोती, आणि मालक सारखा विचारतोय, “साहेब, पडणार नाही ना?” त्या चाचणीतही स्लॅब चांगला आहे असं सिद्ध होत नाही. सिद्ध होतं एवढंच, की या भाराखाली या दिवशी तो नापास झाला नाही. नापास मात्र पक्कं असतं. प्रोसेसरचं तसंच. हजार तास पास ही हमी नव्हे, पण एक ०.५ पुरेसा आहे.

वाचायला लागलो तसं कळलं की चिपच्या चुका शोधण्यात मूळ संख्यांचा हात जुना आहे. १९९४ मध्ये व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या, म्हणजे दोनच्या अंतराने येणाऱ्या, मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. इंटेलच्या पेंटियम चिपवरचं उत्तर दुसऱ्या मशीनशी जुळेना. स्वतःचा प्रोग्राम, कंपायलर, मदरबोर्ड असं एकेक बाद करत ते चिपपर्यंत पोचले. भागाकारासाठी चिपमध्ये कोरलेल्या तक्त्यातल्या १,०६६ घरांपैकी पाच घरं रिकामी राहून गेली होती. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागलं तर १.३३३८२ यायला हवेत, पेंटियम १.३३३७४ द्यायचा. इंटेलचं सुरुवातीचं म्हणणं होतं की साध्या माणसाला ही चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल. लोकांना हे उत्तर मानवलं नाही. डिसेंबरात कंपनीला मागेल त्याला चिप बदलून द्यायचं जाहीर करावं लागलं आणि ४७.५ कोटी डॉलरचा खर्च मांडावा लागला. २०१६ मध्ये तर खुद्द प्राइम ९५ ने इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरची चूक पकडली. १,४९,४२,२०९ हा घातांक दिला की मशीन गोठायचं.

त्या डिझाईनच्या चुका होत्या. सगळ्या चिपमध्ये सारख्या. माझ्या जातीची चूक वेगळी, एखाद्याच चिपच्या एखाद्याच कोअरची. तिचं सगळ्यात झकास उदाहरण फेसबुकच्या इंजिनिअरांनी २०२१ मध्ये मांडलं. त्यांच्या एका मशीनवर काही फाइली गायब होत होत्या. उकलत गेले तर सापडलं, की एक विशिष्ट कोअर १.१ चा ५३ वा घात शून्य सांगतो. उत्तर पूर्णांकात १५६ हवं. फाइलचा आकार शून्य आला, म्हणून पुढचा प्रोग्राम ती फाइल उघडायच्या फंदातच पडत नव्हता. कुठेही एरर नाही. त्याच वर्षी गूगलच्या लोकांनीही सांगितलं की काही हजार मशीनमागे असे मोजके कोअर त्यांना सापडतात. आणि इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीच्या प्रोसेसरचं २०२४ मधलं प्रकरण ताजं आहे. चिप स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागायची आणि आतून झिजायची. लोकांना गेम उघडताना संदेश यायचा, ‘ग्राफिक्स कार्डची मेमरी संपली.’ बिचारे कार्ड बदलत बसले. कंपनीने शेवटी दुरुस्तीचा मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतला प्रोग्राम, काढला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी पुण्याला सर्व्हिस सेंटरला गेलो. प्रोसेसर त्याच्या प्लास्टिकच्या डबीत, डबी शर्टाच्या खिशात, खिशावर हात. खंबाटकीच्या बोगद्यापाशी एसटी वळली की हात आपोआप घट्ट व्हायचा.

काउंटरवरचा मुलगा सभ्य होता. त्याने चिप त्यांच्या बोर्डात बसवली, चालू केली.

“सर, डिस्प्ले येतोय.”

“डिस्प्ले येतो हो. गणित चुकतं.”

“विंडोज बूट होतेय ना?”

“होते.”

“मग फॉल्ट काय लिहू?”

त्याच्या फॉर्मवर चौकटी होत्या: ‘डेड’, ‘नो डिस्प्ले’, ‘फिजिकल डॅमेज’, ‘ओव्हरहीटिंग’. चुकीचं उत्तर देतो, अशी चौकट नव्हती. मी छापून नेलेले स्क्रीनशॉट दाखवले, वही दाखवली. तो ०.५ कडे बघून म्हणाला, “सर, पॉइंट फाइव्हचाच फरक आहे.” मला हसू आवरेना. आतून एक वयाने मोठे गृहस्थ आले, त्यांनी वही उभ्या उभ्या चाळली. पाच, पाच, पाच, असं कॉलमभर लिहिलेलं त्यांना दिसलं असावं. ते मुलाला म्हणाले, “अदर्समध्ये टाक आणि हे झेरॉक्स करून जोड.” ओव्हरक्लॉक केलं होतं का, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलं होतं का, एवढंच मला विचारलं. नाही म्हणालो. तपासताना रॅमचं प्रोफाइलसुद्धा बंद होतं म्हणालो. त्यांनी भुवई उंचावली. बहुतेक असं सांगणारं गिऱ्हाईक त्यांना क्वचित मिळत असावं.

बदली प्रोसेसर कुरिअरने आला. बसवला, एकेक कोअर तासन् तास घासला. सगळे पास. भाच्याला आता रॅमचं प्रोफाइल परत लावायचंय. त्याचं म्हणणं, एवढी महागडी पट्टी घेऊन ती साध्या वेगावर चालवणं म्हणजे पैसे पाण्यात. मी म्हणालो, फरक किती पडतो ते माझ्याच मॉडेलवर मोजून दाखव. दाखवला. मला तो चहा ओतेपर्यंतच्या वेळाएवढा वाटला, तेव्हा प्रोफाइल बंदच आहे. तो फोनवर दर वेळी विचारतो.

राहता राहिली परत दिलेल्या प्रोसेसरवर केलेली थोडी कामं. सरावासाठी म्हणून एका मंगल कार्यालयाचं मॉडेल मी त्यावर चालवलं होतं. नव्यावर परत चालवलं आणि दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून जुळवले. प्रतिक्रिया, मोमेंट, झोळ, सगळं शेवटच्या दशांशापर्यंत सारखं. तसंही मुख्य बीम मी हाताने पडताळतोच. ती सवय लावणाऱ्या आमच्या सरांना कॉम्प्युटरवर भरवसा नव्हता, आणि आम्ही त्यांना मागे हसायचो.

ऑफिसच्या कोपऱ्यात ते आधीचं मशीन अजून आहे. लायसन्सचा डोंगल त्याच्याशी बांधलेला, म्हणून काढता येत नाही. गेल्या कित्येक वर्षांतल्या माझ्या जवळजवळ सगळ्या इमारती त्याच्यावर झाल्या. भाचा परवा येऊन गेला तेव्हा त्याच्या डेस्कटॉपवर प्राइम ९५ टाकून गेलाय. अजून चालवलेलं नाही. मार्च संपू दे, मग लावीन म्हणतो.